सातवी ओळ

माझ्या भाचीला घरात सगळे मास्तरीण म्हणतात. पाच वर्षांची असताना ती कपाटाच्या दाराला शिकवायची आणि कपाट उत्तर देत नाही म्हणून त्याला पट्टीनं झोडायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं. मी तिचा मामा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. बाजाराच्या तोंडाशी माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून तिनं दोन वर्षं अभ्यास केला. घरी दोनच खोल्या आणि त्यात तिच्या वडिलांचा, म्हणजे भावजींचा, दिवसभर चालणारा टीव्ही. माझ्या यंत्राची घरघर तिला चालायची. म्हणायची, "मामा, या आवाजात मला ऐकू आलं तर कुठंही येईल."

परीक्षा इंग्रजीची. विद्यापीठात इंग्रजी हाच मुख्य विषय घेतलेल्यांनी शेवटच्या वर्षी द्यायची, सगळ्यात वरच्या पातळीची. ती पास नसेल तर बऱ्या शाळेत कुणी दारात उभं करत नाही आणि भाषांतराच्या कचेऱ्या अर्ज उघडूनही बघत नाहीत. आयुष्यात दोनदाच बसता येतं. दुसऱ्यांदा नापास झालात की गेलात, मग घरी कितीही पुस्तकं असोत. पहिल्या खेपेला मास्तरीण चार गुणांनी गेली होती.

त्या चार गुणांनी तिचं काय केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं हे आपल्याला ठाऊक असतं. ही रडली नाही, चिडली नाही, जेवणावरून उठली नाही. निकाल वाचून "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दुकानाच्या शटरपाशी हजर. त्यानंतर सगळ्याला "बरं". आईनं नवा ड्रेस आणला, बरं. मैत्रिणीचं लग्न ठरलं, बरं. एकदा यंत्रात माझं बोट सापडलं आणि मी बोंब ठोकली, तर तिनं पट्टी आणून बांधली, गाठ छान मारली आणि पुन्हा कानाला हेडफोन लावला. मी गमतीनं म्हटलं, "अगं, मामा मरता मरता वाचला!" तर म्हणाली, "हो, बघितलं."

अभ्यास मात्र असा की बघणाऱ्याला धाप लागावी. सकाळी परदेशी बातम्या लावायची आणि बातम्या देणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं, स्वतः तेच बोलत जायची. त्याची तिला इतकी सवय झाली की समोरचा माणूस बोलत असला तरी तिचे ओठ हलायचे. गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, मुलगी नवस फेडतेय का. खिशात शब्दांच्या चिठ्ठ्या, पन्नास एका रबरात. दुपारी चुकांनी भरलेला उतारा दुरुस्त करायचा, मग भाषांतर, मग निबंध.

पण तिची खरी दुखरी नस होती ती ऐकायच्या भागाची. चार गुण तिथंच गेले होते. एक बाई किंवा बुवा दहा-बारा मिनिटं व्याख्यान देतात. ते एकदाच ऐकवतात. तुम्ही कोऱ्या कागदावर बाण काढा, खुणा करा, काय वाटेल ते करा. नंतर त्याच व्याख्यानाचा सारांश समोर येतो, मधल्या जागा गाळलेल्या, त्या भरायच्या. तिच्या शिकवणीच्या सरांनी तिला घासून घासून तयार केलं होतं. ऐकू आलं नाही म्हणून मागं वळून बघायचं नाही, तेवढ्यात पुढचं निसटतं. आणि एकही जागा रिकामी ठेवायची नाही. रिकाम्या जागेला शून्य. आजूबाजूची वाक्यं बघायची, त्यांचा सूर बघायचा आणि त्यात बसेल असं भरून टाकायचं. सर म्हणायचे, अंदाज हासुद्धा अभ्यासच आहे. त्या वर्षी तिचा अंदाज दहात आठ वेळा बरोबर यायला लागला होता. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाजात काडीचाही आनंद नव्हता, पण सांगितलं खरं.

परीक्षेला दोन महिने राहिले असताना भावजींच्या छातीत धडधड सुरू झाली. भावजी म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचलेला माणूस. आकडा दिसला की विश्वास, माणूस दिसला की संशय. चार दिवस दवाखान्यात ठेवलं आणि घरी सोडताना डॉक्टरांनी पुढची काळजी समजावून सांगितली. मी खाली गाडी अडवून उभा होतो. वर ताई आणि मास्तरीण. ताईनं काय ऐकायचं? लेक लिहून घेत होती. एवढी शिकलेली पोरगी वही काढून बसल्यावर आईनं कान कशाला द्यायचे?

घरी आल्यावर मास्तरणीनं तो सगळा मजकूर स्वच्छ अक्षरात एका कागदावर उतरवला. आठ ओळी. मीठ किती, चालायचं किती, कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, पाय सुजले तर काय करायचं. दवाखान्याच्या कागदावरही हे असणारच, पण ते अक्षर वाचायला आणखी एक वरची परीक्षा द्यावी लागली असती. तो कागद कपाटात गेला आणि हिचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. सातवी ओळ अशी: ठोक्यांची पांढरी गोळी, रोज एक.

ताईनं त्या कागदावर संसार चालवावा तशी गोळ्यांची शिस्त चालवली. सकाळी दूध उतू जाईल पण गोळी चुकणार नाही.

पाचव्या आठवड्यात भावजी माझ्या दुकानात आले. म्हणाले, "अरे, तुझ्या काचा बिघडल्यात. सगळं पिवळट दिसतंय. दिव्याभोवती कडं दिसतं."

मी त्यांचे डोळे तपासले, नंबर तोच होता. तरी म्हटलं काचेवरचा लेप जुना झाला असेल. नव्या काचा बसवून दिल्या, वर फ्रेमही पॉलिश करून दिली. भावजींनी घालून बघितल्या. "अजून पिवळंच आहे," म्हणाले. मी म्हटलं, "दोन दिवसांत सवय होईल." पंचवीस वर्षं मी हे वाक्य गिऱ्हाइकांना सांगत आलोय आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. त्यांचं जेवण तुटलंय, मळमळतंय, हे ताईनं मला सांगितलं होतं. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी पडून होत्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. याची मला अजून लाज वाटते.

परीक्षेच्या दोन दिवस आधी सकाळी भावजी न्हाणीघराच्या दारात कोसळले.

दवाखान्यात या वेळी दुसरे डॉक्टर होते, तरुण, घाईत असलेले. नाडी अगदी मंद. त्यांनी विचारलं, "गोळ्या कशा देत होता?" ताईनं भिंतीवरचा कागद येताना सोलून पर्समध्ये टाकला होता, तो काढून दिला. मोठ्या विश्वासानं दिला. डॉक्टर सातव्या ओळीशी थांबले. जुनी फाइल मागवली. मग म्हणाले, "ही गोळी आठवड्यातून पाच दिवस द्यायची होती. दोन दिवस बंद. ती अंगात साठत जाते. इथं 'रोज' कुणी लिहिलं?"

खाटेवर भावजी डोळे उघडे ठेवून पडले होते. मास्तरीण माझ्या बाजूला उभी होती. तिचे ओठ हलत होते, डॉक्टरांच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतरानं.

ताई म्हणाली, "मी सांगितलं तसं तिनं लिहिलं. ती तेव्हा बाहेर होती. मीच ऐकलं होतं, मीच चुकीचं ऐकलं."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या प्रत्येक बरणीचा मार तिनं खाल्लाय. तिच्या आवाजावरूनच मला कळलं. मी भाचीचा दंड धरून तिला बाहेर आणलं. बाहेर बाकावर एक म्हातारा संत्र सोलत बसला होता, त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"सातव्या ओळीला शेजारच्या खाटेवाल्यांनी टेबल सरकवलं. आवाज झाला. मला ऐकू आलं नाही."

"मग परत विचारायचं ना!"

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता, की लपवाछपवीही नव्हती. "सुचलंच नाही, मामा. एकदाच ऐकवतात ना. मी पुढचं लिहायला घेतलं. घरी येऊन बघितलं तर जागा रिकामी. वरच्या गोळ्यांच्या सगळ्या ओळींत 'रोज' होतं, म्हणून 'रोज' भरलं."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

"मी आत जाऊन सांगते," ती म्हणाली. बाजारातून काय आणू असं विचारावं त्या सुरात.

आणि मी म्हटलं, "परवा परीक्षा आहे. डॉक्टरांना कारण कळलंय, उपाय चालू आहे. कोण चुकलं त्यानं नाडी वाढणार नाही. आधी परीक्षा होऊ दे, मग सांग."

"बरं," ती म्हणाली.

भावजी वाचले. गोळी काही दिवस बंद ठेवली, चार दिवसांत नाडी वर आली, जगाचा पिवळेपणा उतरला, मग आठवड्यातून पाच दिवस अशी ती पुन्हा सुरू झाली. परीक्षेच्या दिवशी मीच तिला केंद्रावर नेलं. फाटकाबाहेर पोरंपोरी शेवटच्या चिठ्ठ्या चघळत होती, एक मुलगी भिंतीला डोकं टेकून ओकत होती. आमची मास्तरीण ओळखपत्र हातात धरून सरळ आत गेली. दुपारी बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"भरला."

"ऐकायचा भाग?"

"सगळ्या जागा भरल्या. दोन अंदाजानं." मग चालता चालता म्हणाली, "मामा, मला वाईट वाटायला हवं हे मला कळतं. मी वाट बघते. काही येत नाही."

मी तिला उसाचा रस पाजला. दुसरं काय करणार होतो?

मला वाटलं होतं, परीक्षा झाली की सांगेल. पण भावजी घरी आले ते बदलून आले. पाणी स्वतःच आणून प्यायचे. गोळ्यांची डबी शर्टाच्या खिशात, झोपताना उशीखाली. ताई गोळी काढायला पुढं झाली की हात आखडून घ्यायचे. आल्यागेल्याला हसत हसत सांगायचे, "बायकोनं मला जवळजवळ पोचवलंच होतं, तिकीटसुद्धा काढलं होतं!" पाहुणे हसायचे. ताईही हसायची. तिनं एकोणतीस वर्षं या माणसाच्या ताटात वाढलं, आणि आता तिनं पुढं केलेला पेला तो नुसता टेबलावर ठेवून द्यायचा. मी तिला एकटीला गाठून म्हटलं, "ताई, हे बस झालं." तर म्हणाली, "निकाल लागू दे. तिच्या डोक्यावर हे ओझं नको. तू तोंड उघडशील तर माझी शपथ आहे." शपथ वगैरे मी मानत नाही. पण ताईला मानतो. आणि खरं सांगायचं तर मला सोयीचंही होतं, कारण नव्या काचा मीच बसवल्या होत्या.

मास्तरीण हे सगळं रोज बघायची. बघून बाजूला व्हायची. मला कधी कधी तिची भीती वाटायची.

तीन महिन्यांनी निकाल लागला. दुकानातच मोबाइलवर बघितला. पास. नुसती पास नाही, वरच्या श्रेणीत. मी काउंटरवरून उडी मारली म्हटलं तरी चालेल, एक गिऱ्हाईक ट्रायलची फ्रेम घालूनच टाळ्या वाजवायला लागलं. ती म्हणाली, "बरं." मग हेडफोन गुंडाळून पिशवीत टाकला. म्हणाली, "घरी जाऊ या. तूही चल."

भावजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. निकाल ऐकून त्यांचा ऊर भरून आला. उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. टीव्ही बंद केला, यावरून काय ते समजा. मग खिशातून गोळ्यांची डबी काढली आणि तिच्या हातात दिली.

"आजपासून हे तुझ्याकडे," म्हणाले. "मला आता बारीक दिसत नाही आणि या घरात दुसऱ्या कुणावर सोडायची माझी छाती नाही. तुझं लिहिलेलं, तुझं वाचलेलं, त्यावर आता सरकारचा शिक्का आहे. दे, आत्ताची गोळी तुझ्या हातानं दे."

ताई ओट्यापाशी हात धूत होती. नळ बंद झाल्याचा आवाज मला ऐकू आला.

"बाबा," मास्तरीण म्हणाली, "सातवी ओळ माझी होती. मला ऐकू आलं नव्हतं. मी अंदाजानं 'रोज' लिहिलं. आईनं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

भावजी चक्क हसले. कौतुकानं हसले. "बघितलंस? आईवर आलं की पोरगी कशी धावली! अगं, तिची लाज राखायला तू असलं बोलायची गरज नाही. मी ते केव्हाच विसरलोय."

"मी खरं सांगते."

"तू आणि अंदाजानं लिहिणार? तू?"

मी पुढं झालो. "भावजी, ती खरं बोलतेय. मला त्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं होतं तिनं. मीच गप्प बसवलं."

"तू तिचा भाऊ," भावजी म्हणाले. "तू दुसरं काय बोलणार?"

मी ताईकडे बघितलं. म्हटलं आता तरी बोल. ताई पदराला हात पुसत म्हणाली, "जाऊ द्या ना आता. मीच चुकीचं ऐकलं होतं." आणि हे तिनं इतक्या सरळपणे म्हटलं, की तीन महिने तेच बोलून बोलून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलंय की काय, अशी मला शंका आली. मी भिंतीला टेकलो. तिघांनी खरं सांगायला हवं होतं तेव्हा सांगितलं नाही, आता सांगून कुणी घेत नव्हतं. इतकं हताश मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मास्तरणीनं वाद घातला नाही. डबी उघडली, पांढरी गोळी काढली, ओट्यापाशी गेली, आईचा उजवा हात धरून उघडला आणि गोळी तळहातावर ठेवली.

"तू दे," म्हणाली.

"अगं, त्यांना नाही आवडत."

"मग आज गोळी नाही." ती स्टूल ओढून मध्ये बसली, डबी मांडीवर.

"हा काय पोरखेळ आहे?" भावजींचा आवाज चढला. "आण ती डबी इकडं."

"तुम्ही मला दिलीत ना, बाबा."

"वेळ टळतेय माझी!"

"हो, टळतेय," ती म्हणाली. बसचं वेळापत्रक वाचावं तसं.

भावजींनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी टीव्ही लावला, पुन्हा बंद केला. ताई हात पुढं करून उभी. दोनदा तिनं हात खाली घेतला आणि दोनदा मास्तरणीनं तो कोपराखाली धरून पुन्हा वर केला. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली असतील. गोळी घामानं ओली होऊन कडेनं विरघळायला लागली होती. एकोणतीस वर्षांच्या संसारातली बाई भर दुपारी स्वतःच्या घरात हात पसरून उभी होती, आणि ते मला आणि मास्तरणीला दिसत होतं. अखेर ते भावजींनाही दिसलं असावं.

ते उठले. जवळ आले. बायकोच्या तळहातावरची गोळी उचलून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं, कारण विरघळलेली गोळी कडू लागते. पेला शोधायला इकडे तिकडे बघायला लागले. ताईनं पाणी दिलं. ते प्यायले, सगळं. पेला तिच्याच हातात परत दिला. माफी मागितली नाही, विश्वास बसल्याचंही काही बोलले नाहीत. नुसते म्हणाले, "उभी कशाला राहिलीस इतका वेळ? बसायचंस ना."

ताई खाली बसली आणि रडायला लागली. मीही डोळे पुसले, लपवलं नाही.

मास्तरीण रडली नाही. तिनं डबी आईच्या मांडीवर ठेवली, कॅलेंडरकडे बघितलं, वार मोजला आणि म्हणाली, "उद्या आणि परवा द्यायची नाही, आई. मी दवाखान्यात फोन करून दोनदा विचारून घेतलंय."